उघड्या कोपऱ्याची गोधडी

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मु. पो. पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
८ डिसेंबर २००२

जिवाभावाची मैत्रीण गजरा हिला निमाचा रामराम.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत, घरातली माणसंही आणि गोठ्यातली जनावरंही. तुझी खुशाली संपतकडून कळते, पण तो पोरगा दोन शब्दांच्या वर बोलेल तर शपथ, सगळा तुझ्या नवऱ्यावर गेलाय. फोनचं तर नावच काढू नको. मी हॅलो म्हणते, तू 'ऐकू येतंय का' म्हणून ओरडतेस, मी 'येतंय, येतंय' म्हणून ओरडते आणि तेवढ्यात फोन कट होतो. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. सातवी झाले त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. तुला वाचता येत नाही, पण सून शिकलेली केलीस ते लई बरं केलंस. अक्षदा, सावकाश वाच गं, आणि मी जिथं रागावलेय तिथं रागानंच वाच, नाहीतर हे पत्र निमाचं आहे यावर तुझी सासू विश्वास ठेवायची नाही.

तर गजरे, तुझा निरोप पोचला. भोसरीत थंडी वाजते, दुकानातलं ब्लँकेट अंगाला लागत नाही, निमाला म्हणावं एक गोधडी शिव. अगं, निरोप कसले धाडतेस? हक्कानं सांगायचं की. पण मी नुसती ठिगळांची गोधडी शिवणार नाही. मी तुझी कोकणची वाट शिवणार आहे. दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तुम्ही निघायचात ती. आपलं शेत, मग ओतूर, मग मढ, मग माळशेजचा घाट उतरून खाली मुरबाडच्या अंगाला. आणि पावसाच्या तोंडावर परत माझ्या दारात. लग्न झाल्यापासून यंदा पहिल्यांदा तुझी ती वाट चुकली. मग आता वाटच तुझ्याकडं पाठवते, पांघरून बस.

जानकूभाऊची काळजी करू नको. बाकीचा वाडा, सगळी बिऱ्हाडं नि त्यांची मेंढरं, कधीच कोकणात उतरला, पण तुझा नवरा मेंढरं घेऊन आमच्याच शेतात बसलाय. 'ती आली की निघू' म्हणतो. खताला मेंढरं बसवून झाली, आमच्या ह्यांना तिथं कांदा लावायचाय, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. दोन्ही वेळचं जेवण मी पोचवते. कालवणात मीठ कमी पडलं की 'गजरा असती तर' असं म्हणतो, मग मला राग येतो आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठ जास्त घालते. उसात बिबट्या फिरतोय म्हणून तो मेंढरांपाशीच झोपतो.

(अक्षदा, इथून मोठ्यानं वाचू नको. मनात वाच.

संपत मला आळेफाट्याला भेटला. हॉटेलात समोर चहा ठेवून लहान पोरागत रडला. पोटातली गाठ पसरलीय, कापून उपयोग नाही, डॉक्टरांनी हात टेकले म्हणाला. फार तर उन्हाळा. 'मावशी, आईला कळू देऊ नका, आबांनाही नको, दोघंही हाय खातील,' म्हणून भैरवनाथाची शपथ घातली. मी घेतली. काय करणार?  तिला वाटतंय अशक्तपणा आहे, बाटल्या चढवल्या की भरून निघेल. तिला किती दुखतं, काय खाते, सगळं मला कळव. माझ्यापासून काही लपवू नको. एकीपासून लपवतोय तेवढं पुरे.

आता परत मोठ्यानं.)

बरं, निघते. भाकरी थापायच्या आहेत. औषध वेळेवर घे, सुनेच्या अंगावर खेकसू नको.

तुझीच,
निमा

---

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

पिंपरी पेंढार
१० जानेवारी २००३

गजरे, तिळगूळ घे, गोड बोल. निदान अक्षदाशी तरी.

गोधडी मांडली. माझी दोन जुनी लुगडी खाली अंथरली, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले, आणि बसले कापडं जमवायला. सगळ्यात आधी रस्ता. आमच्या ह्यांची एसटीतली खाकी प्यांट होती, कंडक्टरकी संपली तरी खुंटीवरून उतरली नव्हती. तिच्या पट्ट्या काढल्या. हे म्हणाले, 'जन्मभर तिकिटं फाडली, आता तू मला फाड.' पण खाकीचा धुळकट रस्ता असा जमलाय म्हणून सांगू! आपल्या शेतातून निघतो आणि सगळ्या गोधडीभर वळणं घेत जातो.

शेताला माझं तपकिरी लुगडं लावलं. ओतूरला लाल, कारण तिथल्या श्रावणातल्या जत्रेत तू लाल बांगड्यांसाठी माझ्याशी भांडली होतीस. मढच्या अलीकडचं धरणाचं पाणी माझ्या सुनेच्या निळ्या गाऊनचं आहे. घाटाला हिरवा खण. मेंढरं जानकूभाऊच्या धोतराची, बोटाच्या पेराएवढी पांढरी ठिगळं, रस्ताभर पसरलीत. तुझी ती आगाऊ काळी मेंढी, सगळ्यांच्या पुढं पळणारी, ती त्याच्या फाटक्या छत्रीतून कापली. आणि मढच्या झाडाखाली एक लाल गाठ मारली. ती कशाची ते तुला सांगायला नको. संपत तिथं वाटेतच जन्मला ना.

कोकणाला पिवळं काही मिळेना. जानकूभाऊनं आपणहून पेटी उघडली आणि तुझं हळदीचं लुगडं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, 'घ्या वैनी. आली की बोंबलंल माझ्या नावानं. बोंबलू द्या.' तर बोंबल आता. मी कात्री लावली.

तू अक्षदाकडून विचारलंस ते वाचलं. कोपऱ्याचं. अगं, निमा रीत विसरेल होय?

(अक्षदा, मनात.

तुला ही रीत ठाऊक नसेल. तुझी आजेसासू, कोंडाबाई, तिनं आम्हा दोघींना घालून दिली होती. पावसाळ्यात गजरा आणि मी मिळून एक गोधडी शिवायचो. दिवाळीनंतर ती गोधडी घेऊन गजरा निघायची, पण तिचा एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा, आणि ज्या सुईनं शिवली ती सुई माझ्याकडं राहायची. गजरा परत आली की आधी माझ्या ओट्यावर बसायची, सुई मागायची आणि कोपरा मिटायची. मगच पाणी प्यायची. कोंडाबाई म्हणायची, काम अर्धं राहिलं की बाईचं मन तिथंच घुटमळतं, मग ती येतेच. आणि गजरा दर वर्षी आली. एकदा घाटात दरड कोसळली, एकदा मेंढरांत रोग शिरला, तरी आली.

आता तूच सांग पोरी, मी काय करू? कोपरा उघडा ठेवला तर 'तू येणार आहेस' असं तिला सांगितल्यासारखं होईल. तोंडानं खोटं बोलतेच आहे, आता हातानंही बोलायचं? आणि मिटला तर गोधडी हातात घेतल्या घेतल्या तिला कळेल. तिचा हात आधी कोपऱ्यावरच जाणार. मग संपतला काय तोंड दाखवू? परवा सुई हातात घेऊन नुसती बसून होते. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं दोरा सरत नाही सुईत. माझा दोरा सुईत सरत नाही, असं आजवर कधी झालंय का?

तू लिहिलंस, आई विचारतात घरी कधी जायचं. दर दोन दिवसांनी विचारते म्हणालीस. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीच्या खिडकीतून तिला समोरच्या इमारतीची भिंत दिसते. जन्म उघड्यावर गेलेली बाई आहे ती. हे सगळं वाचून माझा जीव तुटतो गं.

आता मोठ्यानं.)

थंडी आहे तोवर गोधडी पोचली पाहिजे, म्हणून हात उचलून शिवतेय. तुझ्या नवऱ्याचं ठीक आहे. मीठ आता बरोबर घालते.

तुझी,
निमा

---

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

पिंपरी पेंढार
९ फेब्रुवारी २००३

गजरा,

संपतच्या हाती गोधडी देतेय, त्यासोबत हे पत्र. आधी गोधडी उलगड. अक्षदा, तिला उशीला टेकवून बसव आणि सगळी पायावर पसर. दिसत नसेल नीट तर बोटं फिरव गजरे, मी टाके मुद्दाम जाड घातलेत. खाकीवर बोट ठेवलं की सोडू नको, आपलं शेत सुटलं की ओतूर येईल, मग गार लागेल ते गाऊनचं पाणी, मग लाल गाठ. घाटात रस्ता चारदा वळतो, तिथं सांभाळून. खाली उतरलीस की तुझं स्वतःचं हळदीचं लुगडं.

गोधडी शिवायला बसले की शेजारच्या बायका यायच्या. एक म्हणाली, 'एवढी मरमर कुणासाठी?' मी म्हटलं, माझ्या गजरासाठी. ती म्हणाली, 'मेंढरावाल्या बाईसाठी?' असलं हाकललं तिला ओट्यावरून! तुला ठाऊक आहे माझं तोंड. आमच्या सासूबाईंनाही आधी आवडायचं नाही आपलं एकमेकींच्या ताटात जेवणं. मी पहिली बाळंत झाले तेव्हा पायात पाणी भरलं होतं, कुणी हात लावायला तयार नव्हतं, आणि तू आपली लोकरीची चवाळी घेऊन आलीस आणि रात्रंदिवस पाय शेकलेस. तेव्हापासून सासूबाईंची बोलती बंद. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्यामुळं मी या घरात टिकले गजरे. आज लिहावंसं वाटलं, म्हणून लिहिलं. त्यात विशेष काही नाही.

कोपरा उघडा ठेवलाय. सुई माझ्याकडं आहे, खिडकीच्या चौकटीत खोचलीय. बरी होऊन ये आणि मीट.

(अक्षदा, मनात.

उघडा ठेवला. माझ्याच्यानं मिटवला गेला नाही. मी भेकड आहे म्हण, काहीही म्हण.

आणि तू मागच्या पत्रात लिहिलंस ते वाचलं. ती म्हणाली ना, 'निमानं कागदाच्या दोन्ही बाजू भरल्यात आन तू एवढंच वाचलंस?' तू म्हणे खाडाखोड आहे म्हणून सांगितलंस. अगं वेडे, तिला अक्षर येत नाही, पण संध्याकाळी कळप परतला आणि त्यात एक कोकरू कमी असलं तर ती न मोजता सांगते. तिला फसवणं तुझं-माझं काम नाही. यापुढं असं मी वेगळ्या कागदावर लिहीन.

जानकूभाऊ रोज विचारतो. काल म्हणाला, 'वैनी, होळीपातुर येईल का वो?' मी म्हटलं येईल. तो खूश होऊन मेंढरांकडं गेला. मी गोठ्यात जाऊन रडले. सगळ्यांनी मिळून दोन म्हाताऱ्या जिवांना दोन गावांत कोंडून ठेवलंय, आणि त्यातली एक कडी मी लावलीय. देव मला काय म्हणत असेल?

आता मोठ्यानं वाच.)

पांघरून बघ आणि कशी झालीय ते खरं सांग. तोंडदेखलं चांगलं म्हणू नको.

तुझी,
निमा

---

पिंपरी पेंढार
२ मार्च २००३

अक्षदा, आज यातलं एक अक्षरही गाळू नको. सगळं मोठ्यानं वाच. आवाज फुटला नाही तर थांब, पाणी पी, आणि पुढं वाच.

गजरे,

तुझ्या सुनेचं पत्र काल आलं. तिनं लिहिलंय की गोधडी आल्यावर दोन-चार दिवस तू नुसती बोटं फिरवत होतीस. मग एका दुपारी तिच्या शिवणाच्या डब्यातली सुई मागितलीस, दोरा तिला ओवून द्यायला लावलास, आणि संध्याकाळपर्यंत बसून वीतभर कोपरा मिटलास. सुई दोनदा बोटात गेली, तरी तिला हात लावू दिला नाहीस. आणि म्हणालीस, 'निमीला कळव, कोपरा मी मिटलाय. तिला म्हणावं, तू खोटं बोलायला लई कच्ची हायस. आता नको बोलूस. दमशील.'

हे वाचून मी दारातच खाली बसले. हे धावत आले, मी पत्र पुढं केलं.

मग तुला कधीपासून ठाऊक होतं? आणि आम्हाला त्रास नको म्हणून तू गप्प, तुला त्रास नको म्हणून आम्ही गप्प! काय बाई आपण! आयुष्यात एक गोष्ट एकमेकींपासून लपवली नाही, आणि लपवली तर ही. मला तुझा राग आलाय गजरे. लई राग आलाय. मला एकदा विचारायचं होतंस की. विचारलं असतंस तर मी भैरवनाथाच्या शपथेचं बघून घेतलं असतं.

ते आता घेतलंच आहे. देवळात गेले, नारळ वाढवला, म्हटलं देवा, शपथ मोडतेय, जे काय करायचं ते मला कर. आणि तिथून सरळ शेतात गेले.

जानकूभाऊ एका मेंढीचा खूर कापत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. म्हटलं, भाऊ, गजरा बरी व्हायची नाही. पोटातली गाठ आहे. आम्हाला ठाऊक होतं, तुमच्यापासून लपवलं. त्यानं मान वर केली नाही. तो खूर पुरा केला, मग पुढचाही केला, मेंढी सोडली, चाकू पुसला. मला वाटलं मला मारतोय का काय. मग म्हणाला, 'तिला ठावं हाय?' मी म्हटलं, आहे. म्हणाला, 'मंग तिकडं कशापायी ठिवलीया तिला? घरला आणा की.'

एवढंच. मग खाली बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला. एवढ्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

संपतला मी फोन केला. त्याच्यावर रागावणार होते, पण तो म्हणाला, 'मावशी, मला एकट्याला झेपत नव्हतं.' मग काय रागावणार? पोरगं तुझ्यावर माया करतं गजरे, त्याला दुसरं काही सुचलं नाही. तू त्याला काही बोलू नको. डॉक्टरांना विचारून दुखण्याची औषधं तो सोबत देणार आहे.

तर शनिवारी गावातल्या धर्माजीची जीप घेऊन तुझा नवरा येतोय. मागं गादी टाकलीय. मी येत नाही, कारण मला तुझ्यासाठी शेतात सावली करायचीय. कडुनिंबाखाली हे छप्पर घालतायत. मेंढरं तिथंच बसतील, तुझ्या डोळ्यांसमोर. कांदा गेला खड्ड्यात, हे स्वतः म्हणाले.

आणि आता कोपऱ्याचं ऐक. तू मिटलास तो धरला जाणार नाही. दुसऱ्याच्या सुईनं मिटलेला कोपरा रीतीत बसत नाही, कोंडाबाई असती तर तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. तो उसव. सुई माझ्याकडं आहे. घरी ये, माझ्या ओट्यावर बस, सुई माग आणि माझ्यासमोर मीट. कशासाठी मिटतोय ते आता दोघींनाही ठाऊक आहे. तरी चालेल. पण परत आलीस म्हणून मीट, तिकडं भिंतीकडं बघत नको.

मला भीती वाटते गजरे. तुला वाटते का? येऊन सांग.

शनिवारी सकाळपासून रस्त्यावर उभी असेन.

तुझी, तुझीच,
निमा

---

पिंपरी पेंढार
२० एप्रिल २००३

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

हे पत्र सगळंच मनात वाच. मोठ्यानं वाचायचं तरी आता कुणासाठी?

दहाव्याला तू आलीस तेव्हा विचारलंस, 'मावशी, कोपऱ्याचं काय झालं?' आणि मी 'नंतर सांगते' म्हणाले. माणसांच्या गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं. मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून तुला मधले दिवस इथं राहता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नको. तू तिचं केलंस तेवढं पोटची लेक करत नाही. ती मला तसं म्हणाली, म्हणून लिहिलं, मी माझ्या मनचं लिहीत नाही.

त्या शनिवारी जीप थांबली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. एवढीशी झाली होती. जानकूभाऊनं उचलून ओट्यावर बसवलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाली, 'आधी सुई.'  मी चौकटीतली सुई काढून तिच्या हातात दिली. ती गोधडी मांडीवर घेऊन बसली आणि त्या सुईच्या टोकानं आपणच घातलेले टाके एकेक करून काढू लागली. वेडेवाकडे टाके होते, काळ्या दोऱ्याचे. जानकूभाऊ शेजारी बसून सुटलेला दोरा गोळा करत होता. कोपरा मोकळा झाला तेव्हा तिनं सुई मला परत दिली आणि पाणी प्यायली.

मी म्हटलं, आता मीट. म्हणाली, 'आज दमलेय, उद्या.' दुसऱ्या दिवशीही उद्या. मला वाटलं हातात जोर नाही, बोलायला लाजते. मी म्हटलं, मी शिवते, तू नुसता हात लाव. तरी म्हणाली उद्या.

कडुनिंबाखाली ती सुखात होती असं नाही म्हणणार मी. दुखायचं. दुखलं की गोधडीचा खाकी रस्ता मुठीत धरायची. पण बरं वाटलं की मेंढरांना नावानं हाका मारायची, जानकूभाऊला शिव्या द्यायची, माझ्या कालवणाला नावं ठेवायची. हळदीच्या लुगड्यावरून नवऱ्याला खरोखरच बोंबलली. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. संपत आला की लाल गाठीवर त्याचं बोट ठेवायची आणि म्हणायची, 'हितं आलास तू, बाबा. पाऊस न्हाय, पाणी न्हाय, नुसती धूळ.'

शेवटच्या दिवशी सकाळी मी दोरा ओवूनच गेले. म्हटलं आज ऐकणार नाही. कोपरा हातात घेतला तर तिनं माझं मनगट धरलं. कुठून जोर आला कुणास ठाऊक. म्हणाली, 'राहू दे निमे. जातीया ना मी आता? निघाल्याली बाई कोपरा मिटून जाती व्हय कधी?'

मी तिच्या अंगावर पडून रडले. मोठ्यानं रडले, शेजारी ऐकतील म्हणून थांबले नाही. म्हटलं, मग परत येशील का गं? ती हसली. म्हणाली, 'सुई नीट ठिव. गंजवशील.'

दुपारी गेली.

लोक म्हणाले, तिची अंथरुणं-पांघरुणं तिच्याबरोबर द्या. रीतच आहे तशी, त्यांचं चुकलं नाही. पण जानकूभाऊनं गोधडी सोडली नाही. वाडा कोकणातून माघारी यायला लागलाय, तो इथंच आहे, तीच पांघरून मेंढरांपाशी झोपतो. परवा म्हणाला, 'वैनी, कोपरा उघडाच राह्यलाय, टाका घालून द्या.' ती शेवटी काय म्हणाली ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानं गोधडी झटकली, फिरवली आणि उघडा कोपरा डोक्याकडं येईल अशी अंथरुणावर टाकली.

मुलांना सुट्टी लागली की घेऊन ये. आजीची वाट दाखवीन त्यांना, ओतूरपासून कोकणापर्यंत, बोटानं.

सुई पुन्हा चौकटीत खोचलीय. अधूनमधून तेलाचं बोट लावते. मी वेडी नाही गं अक्षदा, मला सगळं कळतं. तिच्या चितेवर मी स्वतः तुळशीचं काष्ठ ठेवलंय. तरी तेल लावते, आणि पावसाचे दिवस जवळ येतायत तशी नजर आपोआप घाटाच्या रस्त्याकडं जाते.

ओट्यावर वाट बघत बसलेली,
तुझी निमामावशी